गव्हाएवढं पुढं, तांदळाएवढं मागं

रविवार, ७ डिसेंबर

आज आईचा रंकाळा पुरा झाला. रंकाळा टॉवरपासून निघालो आणि तळ्याभोवती फिरून टॉवरलाच आलो, अख्खा.

लिहिताना एवढंसंच वाटतंय. चार किलोमीटरच्या वर जरा, सगळी सपाटी. कोल्हापुरात ह्याला कुणी ट्रेक म्हटलं तर लोक तोंडावर हसतील. इथली पोरं भर पावसात पन्हाळ्यावरून पावनखिंडीकडं चालत सुटतात. दादाचंही तेच, "गुडघे नवे बसवलेत, आता जोतिबा चढूनच दाखव." दादा पुण्यात बसून बोलतो. त्याला काय जातंय.

मार्चमध्ये आईचे दोन्ही गुडघे बदलले. फिजिओथेरपीच्या बाईंनी दोनच गोष्टी बजावल्या : सपाटीवर चाला आणि कोल्हापुरी चपला कपाटात ठेवा. दुसरी गोष्ट आईला ऑपरेशनपेक्षा जास्त लागली. साडीखाली बूट घालून ती पहिल्यांदा रंकाळ्याच्या चौपाटीवर आली, तेव्हा ओळखीचं कुणी भेटू नये म्हणून पदर पार तोंडापर्यंत ओढला होता. पहिल्या दिवशी दोन बाकडी झाली. दुसऱ्या दिवशी तीन. तिसऱ्या दिवशी एक, कारण गुडघा सुजला.

रंकाळ्याच्या नंदीची गोष्ट आमच्याकडं प्रत्येक पोराला सांगतात. नंदी रोज गव्हाएवढा पुढं सरकतो आणि तांदळाएवढा मागं येतो. असं करत करत तो तळ्याला पोचला की जगबुडी. लहानपणी मला ह्या हिशोबाची फार धास्ती होती; गव्हाचा दाणा मोठा की तांदळाचा, हे मी डब्यातले दाणे ताटात काढून शेजारी लावून बघायची. ह्या नऊ महिन्यांत आईचं नेमकं तसंच चाललंय. "आज गहू की तांदूळ?" हे आता आमच्या घरात रोजचं झालंय.

तर आज सकाळी साडेसहाला पोचलो. पाण्यावर धुकं होतं, संध्यामठ नुसता काळा ठिपका दिसत होता. फुलेवाडीच्या रस्त्यानं उसाचे ट्रॅक्टर चालले होते. ट्रॉली दिसायच्या आधी गाणी ऐकू येतात. आई काठी टेकते त्याचा एक ठेका आहे. टक, पाऊल, पाऊल. काठीच्या टोकाचं रबरी बूच एका बाजूनं झिजलंय, म्हणजे भार अजून डाव्या पायावर येत नाही. हे मला आज कळलं, तिच्या मागून चालताना.

नेहमी आम्ही जिथून मागं वळतो तिथं मी थांबले. ती थांबली नाही.

"आई, आता पुढं गेलो तर मधूनच परत येता यायचं नाही. पुढचं अंतर आणि मागचं अंतर सारखंच पडतंय."

"मग पुढंच बरं की. मागचं बघून झालंय."

एका ठिकाणी मोटारसायकली आत येऊ नयेत म्हणून दोन लोखंडी पाइप उभे ठोकलेत. मोटारसायकली तरीही आत होत्याच. अडकली ती आई. आडवी होऊन, काठी आधी पलीकडं टाकून ती निघाली, पण तिथंच एक काका व्हीलचेअरवर होते. त्यांच्या मुलानं खुर्ची तिरकी करून पाहिली, आणि मग दोघं मुकाट बाहेरच्या रस्त्याला लागले, ट्रॅक्टरच्या बाजूनं. पाइप ठोकणाऱ्याला एकदा त्या खुर्चीत बसवायला पाहिजे.

शालिनी पॅलेसच्या बाजूला आल्यावर मात्र शहर मागं पडल्यासारखं वाटतं. माडांचे शेंडे, दाट झाडी, ओल्या पाल्याचा वास. १९३१ ते १९३४ मध्ये बांधलेला हा राजवाडा. मधे हॉटेल झालं, तेही बंद पडलं. आई तिथं बाकड्यावर टेकली. "मी बसतो जरा," म्हणाली. पुण्याची वहिनी ह्या 'बसतो'ला अजून हसते. तिला हसू दे. आमच्याकडच्या बायका 'बसतो', 'जातो'च म्हणतात.

समोर पाण्यातल्या खुंटावर एक पाणकावळा पंख पसरून उभा होता, दोरीवर ओली छत्री वाळत घातल्यासारखा. केंदाळाच्या कडेनं जांभळी पाणकोंबडी एकेक बोट उचलून, चिखल झटकून पुढं टाकत होती. आई बराच वेळ तिच्याकडं बघत बसली.

"हिचेबी गुडघे बदललेत वाटतं."

उरलेलं अंतर कसं गेलं ते फारसं आठवत नाही. धुकं उठलं, ऊन आलं, टॉवर दिसायला लागला की आई पाय उचलायची, आणि टॉवर काही जवळ यायचा नाही. शेवटच्या दोनशे पावलांत तिनं माझा दंड धरला, पण बोलली नाही. मीही बोलले नाही. दोन तास दहा मिनिटं.

रिक्षावाल्याला तिनंच सांगितलं, "गंगावेशीतनं घे." दुधाच्या कट्ट्यावर म्हैस उभी होतीच. तांब्यात धार पडल्याचा आवाज, वर बोटभर फेस. एरवी ती मला साखर नको, कप धुतला का, असं दहादा विचारायला लावते. आज उभ्यानंच ग्लास रिकामा केला आणि दुसरा मागितला. ओठांवर पांढरी मिशी घेऊन रिक्षात बसली.

आता दुपारचे तीन. डावा गुडघा टम्म आहे. बर्फ संपलाय म्हणून फ्रीजरमधली मटाराची पिशवी टॉवेलात गुंडाळून वर ठेवलीय. दादाचा फोन येऊन गेला, तिनं "घरातच हाय" म्हणून सांगितलं आणि मला डोळ्यांनी गप्प केलं.