तुम्ही विचारलंत म्हणून: जेलमधून सुटलेली माणसं मी कामाला का ठेवते?

‘ताई, भीती नाही वाटत?’ हे पहिल्यांदा प्लायवाल्याने विचारलं. मग नणंदेने, मग बँकेतल्या साहेबांनी. परवा एका लग्नात, हातात ताट असताना, ओळखीच्या बाईंनी वाटाण्याच्या उसळीसमोर थांबवून विचारलं. म्हटलं, आता एकदा लिहूनच टाकू.

माझं अंबडला फर्निचरचं वर्कशॉप आहे. नऊ जणांपैकी तिघे नाशिकरोडच्या जेलमधून सुटून आलेले. सुरुवात दयेतून वगैरे झाली नाही. 2017 साली माझे दोन कारागीर दिवाळीला गावी गेले ते परतलेच नाहीत, आणि डोक्यावर एका हॉटेलची ऑर्डर. त्यात या तिघांतला पहिला आला. जेलमधल्या सुतारकामात अकरा वर्षं हात बसलेला. मी त्याला सागाचा तुकडा दिला, रंधा दिला आणि बघत बसले. त्याने फळी डोळ्यासमोर धरली, एक डोळा मिटला आणि नेमका जिथे बाक होता तिथे अंगठा ठेवला. एवढंच बघून ठेवला. आम्ही त्याला मिस्त्री म्हणतो.

‘खुनी आहे ना? आणि चौदा वर्षांत सोडतात कसे?’ हेही विचारता. सोडत नाहीत हो. जन्मठेप म्हणजे जन्माचीच. 1978 साली कायद्यात कलम घातलं की अशा गुन्ह्यात निदान चौदा वर्षं आत काढल्याशिवाय लवकर सोडायचा विचारच करायचा नाही. पुढे सोडायचं की नाही ते सरकार ठरवतं. मिस्त्री सोळा वर्षं आत होता. मध्ये फर्लोवर, कागदावर जिला संचित रजा म्हणतात तिच्यावर, घरी आला आणि प्रत्येक वेळी तारखेला परत गेला.

आणि हो, फसलेही आहे. पहिल्या तिघांनंतरचा एक जण ॲडव्हान्स आणि ड्रिल मशीन घेऊन पळाला. तुम्हाला हेच ऐकायचं होतं ना? पण त्याच वर्षी जेलचं तोंडही न पाहिलेल्या एका ठेकेदाराने माझे त्याच्या चौपट बुडवले. त्याच्याबद्दल मला कोणी विचारत नाही.

मग मला याबद्दल बोलायला आवडू लागलं, हे कबूल करते. एका महिला मंडळात भाषणही ठोकलं. आटपाडीजवळच्या स्वतंत्रपूरचं सांगितलं, की औंध संस्थानाने 1939 मध्ये भिंतीशिवायची वसाहत काढली, कैदी तिथे बायकामुलांसह राहून शेती करायचे. शेवटी म्हणाले, ‘शिक्षा भोगली, हिशेब संपला.’ टाळ्या पडल्या. ते वाक्य मला फार आवडलं होतं.

त्यानंतर दोन-तीन महिन्यांनी, 2019 च्या उन्हाळ्यात, दुपारी एक म्हातारी दारात आली. निफाडकडची. हातात नायलॉनची पिशवी, पायात रबरी चपला. मला वाटलं वर्गणी मागायला आली.

“तो इथंच असतो का?” तिने नाव घेतलं. पूर्ण नाव, बापाच्या नावासकट. आमच्याकडे त्याला त्या नावाने कोणी हाक मारत नाही.

मी म्हटलं, “तुम्ही त्याच्या कोण?”

“तेनं माझा पोरगा मारला.”

मी खुर्ची दिली, पाणी दिलं. ती पाणी प्याली. मधल्या काचेतून तो दिसत होता, पाठमोरा, रंधा मारत. ती बघत राहिली. ओरडेल, रडेल, दगड उचलेल असं वाटून मी फोन हातात घेऊन बसले होते. कोणाला लावणार होते, माहीत नाही.

“किती देता त्याला?”

खोटं बोलावंसं वाटलं. बोलले नाही. “अठरा हजार.”

तिने मान हलवली, बाजारात भाव ऐकून हलवतात तशी. मग म्हणाली, “तेला आत काम शिकवलं म्हणे सरकारनं. माझा नातू सातवीतनं काढला. कांद्याच्या खळ्यावर जातो. तेला कोण शिकवनार व्हतं?”

मी गप्प. भाषणातलं एक वाक्य सुचलं नाही.

जाताना म्हणाली, “मी आल्ते म्हनून सांगू नका.” मी नातवाला इथे पाठवा, शिकवते, असं बोलून गेले. ती माझ्याकडे अशी बघत राहिली की ते वाक्य कुठे लपवू असं झालं. त्याच्याच शेजारी उभं करून शिकवणार होते मी तिच्या नातवाला!

नंतर वकिलाला विचारलं. तो म्हणाला, कैद्याच्या मजुरीतला काही भाग पीडितांच्या घरच्यांसाठी बाजूला काढावा असं सुप्रीम कोर्टाने 1998 मध्येच सुचवलंय. भरपाईच्या योजनेचं कलम मात्र आलं 2009 च्या अखेरीस. तिचा मुलगा गेला 2001 मध्ये. सगळा कायदा खरा आणि म्हातारीच्या पिशवीत काही नाही.

म्हणजे मिस्त्रीला काढायला हवं होतं? नाही. काढून तिला काय मिळालं असतं? पण ‘हिशेब संपला’ म्हणणारी मी कोण, कोणाच्या वहीतला हिशेब, हे मला अजून सांगता येत नाही. ते भाषण ठोकणाऱ्या बाईला, म्हणजे तेव्हाच्या मला, भेटले तर भांडेन. तीही हरणार नाही, कारण अजून बऱ्याच गोष्टी ती बरोबर सांगत होती.

त्या दिवशी संध्याकाळी आत गेले तर मिस्त्री अजून त्याच फळीवर. इंचाची फळी रंधा मारून मारून अर्ध्यावर आणलेली, पायाशी छिलक्याचा ढीग. त्याने तिला पाहिलं होतं तर. मी काही बोलले नाही, त्यानेही विचारलं नाही. फळी वाया गेली, ती मी नुकसानीत लिहिली.

पळालेल्याच्या जागी मागच्या महिन्यात नवा माणूस ठेवला. आधीच्यांना मी ‘काय केलं होतंस’ एवढंच विचारायचे. याला ‘कोणाचं’ हेही विचारलं. त्याने बराच वेळाने नाव सांगितलं, गाव सांगितलं. पगाराच्या वहीत त्याच्या नावासमोर ते लिहून ठेवलंय. कशासाठी, हे मात्र विचारू नका.