जळू ओळखताना आधी डोळे मोजा

धुळ्याकडच्या पांझरा नदीवर फडाच्या (गावाने मिळून पाणी वाटून घेण्याच्या पद्धतीच्या) बंधाऱ्याखाली दगड असतात आणि थोड्याच अंतरावर म्हशी बसतात ते डबकं. दोन्हीकडची जळू एकच असं धरून चाललं की पुढचं सगळं चुकतं. म्हणून मी जळू उचलण्याआधी जागा लिहून घेतो: पाणी वाहतं की साचलेलं, तळाला गाळ की दगड, गुरं उतरतात का.

डबक्यात गमबूट घालून पाय हलवले की रक्त पिणाऱ्या जळवा लाटेसारख्या वळत पोहत येतात. दगडाखालच्या चपट्या जळवा येत नाहीत. दगड उलटून त्या बोथट चिमट्याने अलगद सोडवाव्या लागतात, आणि सुटल्या की अंगाचा गोळा करतात. पोटाला पिल्लं चिकटलेली दिसली तर कूळ ग्लॉसिफोनिडी. डब्यात त्याच जागेचं पाणी घ्यावं, तोंडाला फडकं घट्ट बांधावं, वर ओलं गोणपाट. आपल्याकडच्या एप्रिलच्या उन्हात डबा तापला की जळू मरते आणि लगेच लिबलिबीत होते.

ओळख जिवंतपणीच करावी, पांढऱ्या ताटलीत, 10 पट भिंगाखाली. कमानीत 10 डोळे आणि तोंडात तीन जबडे असतील तर ती गुरांची जळू, हिरुडिनारिया. डोळ्यांच्या 3 जोड्या आणि जबडे नाहीत, तर बहुधा बार्ब्रोनिया. ती अळ्या गिळते, रक्त पीत नाही. पानासारखी चपटी, सोंडेची, डोळे कमी, ती ग्लॉसिफोनिडी. सुश्रुताने रंग आणि पाणी बघून बारा प्रकार सांगितले, सहा सविष, सहा निर्विष. पाण्याकडे बघायची ती नजर आजही कामाची आहे. रंगावर मात्र भिस्त नको, अल्कोहोलात तो उडतो.

सगळ्यात जास्त नमुने वाया जातात ते जतन करताना. जळू थेट कडक अल्कोहोलात टाकली की आखडते, डोळे वळ्यांत दडतात, ओळखीसाठी लागणारी दोन जननछिद्रांमधली वलयं मोजता येत नाहीत. मीठही नको. 5 टक्के अल्कोहोलापासून सुरुवात करून हळूहळू वाढवावं. टोचल्यावरही हलली नाही की अंगावरचा चिकटा पुसून दोन काचपट्ट्यांत सरळ ठेवावी, 10 टक्के फॉर्मॅलिनमध्ये 24 तास, मग 70 टक्के अल्कोहोलात. डीएनए तपासायचा नमुना फॉर्मॅलिनला न लावता सरळ 95 टक्के अल्कोहोलात. जागेची चिठ्ठी बाटलीच्या आत, पेन्सिलीनेच लिहिलेली. बॉलपेनची शाई अल्कोहोलात विरघळते.