आत्याची पेन्शन आणि अंतुले

आज आत्याला घेऊन बँकेत गेले होते. संजय गांधी निराधार योजनेचे पैसे काढायला. रांगेत ती सहज म्हणाली, "ही योजना अंतुल्यांनी आणली गं."

खरंच आहे ते. १९८० मध्ये मुख्यमंत्री झालेले बॅरिस्टर ए. आर. अंतुले, आमच्या रायगडातल्या आंबेतचे. १९६२ मध्ये पहिल्यांदा आमदार. निर्णयाचा झपाटा असा, की १९८१ मध्ये सिंधुदुर्ग आणि जालना जिल्हे झाले, कुलाबा जिल्ह्याचं नाव रायगड झालं.

आणि त्याच काळात सिमेंट प्रकरण. तेव्हा सिमेंटवर नियंत्रण होतं, कोटा सरकारच्या हातात. बिल्डरांना कोटा आणि त्यांच्याकडून अंतुल्यांनी काढलेल्या इंदिरा गांधी प्रतिभा प्रतिष्ठान या ट्रस्टला देणग्या. जानेवारी १९८२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती लेंटिन यांनी या दोन्हींचा संबंध असल्याचा निकाल दिला आणि खुर्ची गेली. पुढे ते केंद्रात मंत्री झाले, पण मुख्यमंत्रिपद परत मिळालं नाही.

मला त्यांचा राग येतो. इतकं करू शकणाऱ्या माणसाने हे का करावं? आत्याला मात्र राग नाही. तिने नोटा दोनदा मोजल्या, रुमालात बांधल्या आणि म्हणाली, "चल, आधी औषधं घेऊ."