उडणारा एकच, मग एवढी माणसे कशाला?

हँग ग्लायडिंग करते असे सांगितले की दोन प्रश्न हमखास येतात. भीती वाटत नाही का, हा पहिला प्रश्न मी हसण्यावारी नेते. दुसरा मात्र रास्त आहे आणि आता तुम्हीही तो विचारलात म्हणून सविस्तर लिहिते: पंखाखाली लटकणारा बहुधा एकच असतो, तर कडाक्याच्या थंडीत, वारा घोंघावत असताना, चार-पाच जणांना टेकडीवर कशाला नेता?

वारा मंद असेल तर खरोखरच एवढ्या माणसांची गरज पडत नाही. सुमारे 30 किलो वजनाचा आणि जवळजवळ 10 मीटर रुंद पंखाचा तो ग्लायडर खांद्यांवर तोलायचा, वाऱ्याकडे तोंड करून उतारावरून धावायचे, आणि पंखाने भार उचलला की पाय जमिनीवरून सुटतात. वारा वाढला की सगळे हिशेब बदलतात. वाऱ्याचा जोर त्याच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे ताशी 20 किलोमीटरचा वारा 40 चा झाला तर पंखावरचा जोर दुप्पट नव्हे, चौपट होतो. शिवाय थंड हवा दाट असते, 0 अंशाला ती 30 अंशांच्या हवेपेक्षा सुमारे दहा टक्के अधिक दाट भरते. समोरून ताशी 25-30 किलोमीटरने हवा आली की ग्लायडर हवेत तरू लागतो. त्यामुळे अशा दिवशी माणूस धावण्याआधीच ग्लायडर उभ्या जागी उडू पाहतो, आणि एक बाजू किंचित जरी उचलली गेली तरी वारा तिच्याखाली शिरून त्याला माणसासकट उलटवू शकतो.

म्हणून दोघे ग्लायडरच्या दोन बाजूंच्या तारा धरतात आणि तिसरा नाकाजवळच्या, म्हणजे पुढच्या टोकाजवळच्या. धरायच्या म्हणजे ओढायच्या नव्हेत. हात तारेभोवती नुसता असावा आणि पंख कोणत्या बाजूला उचलतो आहे हे धरणाऱ्याने मला सांगत राहावे. "डावी बाजू वर जाते आहे", "आता सारखे आहे", असे चालते. दोन्ही बाजू शांत झाल्या की मी "सोडा" म्हणते आणि तिघांनीही त्याच क्षणी सोडायचे असते. एकदा जाड हातमोज्यांत बोटे बधिर झालेल्या मित्राकडून डावी तार निमिषभर उशिरा सुटली. ग्लायडर लगेच डावीकडे, टेकडीच्याच दिशेने वळला. मी सगळे अंग उजवीकडे टाकले म्हणून निभावले. तेव्हापासून तारा धरणाऱ्यांनी आधी बोटे काखेत ऊब देऊन आणायची, असा आमचा नियम आहे. ऐकायला हास्यास्पद वाटतो, पण आम्ही तो काटेकोरपणे पाळतो.

त्याही आधीची तपासणी माझ्या मते सर्वांत महत्त्वाची. हार्नेस, म्हणजे अंगावरचा पट्ट्यांचा साज, ग्लायडरला अडकवायलाच विसरणे ही या खेळातली जुनी, जीवघेणी चूक आहे, आणि थंडीत थांबून थांबून माणूस अनेकदा अडकवतो आणि सोडतो, त्यामुळे ती होण्याची शक्यता अधिक. एकाने नाक धरायचे, मी पंखाखाली आडवे लटकायचे, आणि दुसऱ्याने कॅराबिनर (हार्नेस अडकवायची धातूची कडी) व पायांचे पट्टे हात लावून पाहायचे. "मघाशीच पाहिले" हे उत्तर चालत नाही.

वर गेल्यावर तरी एकटी असेन, असे तुम्हाला वाटेल. कड्यावर आदळून वर चढणाऱ्या वाऱ्याच्या पट्ट्यात तासभर ये-जा करता येते. हवा 5 अंशांची असली तरी ताशी 40 किलोमीटरच्या झोतात ती अंगाला उणे 1 सारखी लागते. पण खरी अडचण थंडीची नसते. वारा आपल्याइतक्याच वेगाने समोरून येत असेल तर खालची जमीन जागच्या जागी राहते, आणि तो आणखी वाढला तर आपण तोंड पुढे करून मागे सरकू लागतो. मागे, माथ्यापलीकडे, हवेचे भोवरे असतात. मी उंची राखण्यात गुंतलेली असते, वॉकीटॉकीवर कोणीतरी म्हणते, "मघाशी तू त्या झाडाच्या पुढे होतीस." तेवढे पुरते. मी हातातला, ग्लायडर वळवायचा दांडा छातीकडे ओढून वेग वाढवते आणि कड्यापासून दूर निघते.

एकसारखा जोराचा वारा एक वेळ परवडतो, पण झोत आणि खंड यांतले अंतर परवडत नाही. 9 ऑगस्ट 1896 रोजी ग्लायडर उड्डाणाचा जर्मन प्रणेता ओटो लिलिएन्थाल याचा ग्लायडर हवेच्या अशाच एका लोटाने नाक वर करून थबकला आणि सुमारे 15 मीटरवरून कोसळला. दुसऱ्या दिवशी तो गेला. त्याच्या गाठीशी तोवर सुमारे दोन हजार उड्डाणे होती. गेल्या खेपेस आमचा वातमापक ताशी 24 आणि 41 किलोमीटर यांच्यामध्ये हेलकावत होता. मला उडायचे होते, हे कबूल करते. बाकी चौघांनी माना हलवल्या आणि दोन तास कुडकुडल्यावर आम्ही ग्लायडर मिटायला घेतला. त्यालाही चौघे लागले, आणि त्यांतला एक तर सारा वेळ त्याचे नाक दाबून बसला होता.