सिरपूरची पक्षीयादी: तपासनिसाने अडवलेली नोंद

इंदूरचा सिरपूर तलाव आणि गंभीर नदीवरचा यशवंत सागर जलाशय, दोन्हींची मिळून मी ईबर्डवर (पक्षीनोंदींच्या ॲपवर) आधी एकच यादी केली. सकाळ एकच होती ना! पण तशा यादीत चक्रवाक नक्की कुठल्या पाण्यावर दिसला ते कळत नाही. दोन्ही जागा 2022 पासून रामसर स्थळं (आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागा) आहेत, तेव्हा नोंदही वेगळीच हवी. आता जागा बदलली की यादी बंद करते आणि नवी उघडते.

अंतरातही फसायला होतं. बांधावरून जाऊन त्याच वाटेने परतलं तर अंतर एकाच बाजूचं धरायचं. ॲप मात्र दोन्ही फेऱ्या मोजतं, म्हणून यादी पाठवण्याआधी आकडा हाताने निम्मा करावा लागतो. परतताना तेच पक्षी पुन्हा मोजायचे नाहीत.

माझी खरी अडचण वारकऱ्यांची झाली (पंढरीचे नव्हेत, पांढऱ्या चोचीचे काळे पाणपक्षी). प्रत्येक भागासाठी आणि महिन्यासाठी ॲपमध्ये संख्येची मर्यादा ठरलेली असते. ती ओलांडली की ते खुलासा मागतं. मी लिहिलं, "खूप होते." झालं, नोंदी पडताळणाऱ्या ईबर्डच्या तपासनिसाचा ईमेल आला आणि नोंद सार्वजनिक आकडेवारीबाहेर राहिली. तपासनीस स्वयंसेवक असतात, त्यांच्याशी हुज्जत घालून उपयोग नाही. मोजलं कसं ते सांगावं. आता दुर्बिणीत आधी दहा पक्षी मोजते, ते थव्यात किती जागा व्यापतात ते पाहते आणि तेवढे तुकडे थव्यावर सरकवत जाते. वारकरी बुड्या मारतात, म्हणून तीनदा मोजून मधला आकडा घेते. कपाळपट्टी लाल दिसली तर ती पाणकोंबडी. तिची नोंद वेगळी. दूरचं बदक ओळखू आलं नाही तर नुसतं "बदक" म्हणूनही नोंदवता येतं. अंदाजाने नाव ठोकण्यापेक्षा ते बरं.

शेवटी ॲप विचारतं, ओळखलेले सगळे पक्षी नोंदवलेत का? कावळे-पारवे गाळून "हो" म्हणणारे पुष्कळ. अशा यादीवरून त्या दिवशी तिथे कावळा नव्हता असाच अर्थ निघतो. गाळले असतील तर सरळ "नाही" म्हणावं.

फेब्रुवारीतल्या ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंटच्या (जगभरच्या पक्षीगणनेच्या) चार दिवसांत तलावावर जायलाच हवं असं नाही. गच्चीवरची किमान 15 मिनिटं पुरतात, आणि नुसता आवाज ऐकून ओळखलेला तांबटही चालतो.