गिटारला रंग मारायला बेळगाव गाठलं

इंग्लंडमध्ये, आम्ही राहतो त्या लीड्समध्ये डिसेंबरात दुपारी पावणेचारला सूर्य मावळतो. दिवसभरात पारा पाच-सहा अंशांच्या वर गेला तर लोक हवा छान आहे म्हणतात, त्यामुळे घराबाहेर स्प्रे पेंट मारायचा विषय तिथंच मिटतो आणि घरात म्हणाल तर भाड्याचं घर, खाली मालकाचं कार्पेट, डोक्यावर स्मोक अलार्म आणि भिंतीपलीकडे खोकल्याचा आवाज गेला तरी दुसऱ्या दिवशी विचारपूस करणारे शेजारी. बहुतेक स्प्रे कॅनवर १० ते २५ अंशांच्या दरम्यान मारा असं काहीतरी लिहिलेलं असतं. इथं ते १० अंश यायला एप्रिल उजाडतो. मग म्हटलं, सुट्टीला बेळगावला जायचंच आहे तर गिटारपण नेऊया की.

अख्खी गिटार नाही हं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, स्ट्रॅटोकास्टर टाइपच्या इलेक्ट्रिक गिटारची नेक, म्हणजे लांब दांडी, चार स्क्रूंवर बसवलेली असते, ते काढले की नेक वेगळी आणि बॉडी वेगळी. लिओ फेंडरने १९५४ मध्ये हे मॉडेल बाजारात आणलं तेव्हा कारखान्यात पटापट जुळवता यावं आणि बिघडलं तर भाग बदलता यावा असाच हिशेब होता, आणि त्या हिशेबाचा फायदा आता माझ्या सुटकेसला झाला. तारांचा आवाज उचलणारे पिकअप, नॉब, वायरिंग सगळं पिकगार्डलाच, म्हणजे पुढच्या प्लास्टिकच्या पत्र्यालाच, चिकटलेलं असतं, जॅकच्या दोन वायरी आणि मागे स्प्रिंगा अडकवायच्या धातूच्या पट्टीला, म्हणजे क्लॉला, गेलेली अर्थिंगची एक वायर सोल्डरिंग आयर्नने सोडवली की उरतो तो नुसता लाकडाचा ठोकळा, साधारण पावणेदोन इंच जाड. सोडवायच्या आधी मोबाइलवर फोटो मात्र काढून ठेवा. बॉडी दोन स्वेटरमध्ये गुंडाळली. एअरपोर्टवर स्कॅनरच्या माणसाने बॅग उघडायला लावली आणि बराच वेळ तो ठोकळा उलटासुलटा करून बघितला, मी हवेत गिटार वाजवून दाखवली तेव्हा कुठं सोडलं. रंगाचे डबे इथून न्यायचा मोह झाला होता, पण ते विमानात चालत नाहीत, आत ज्वालाग्राही गॅस दाबून भरलेला असतो.

गोव्यातल्या मोपाच्या विमानतळावर उतरून चोर्ला घाटातून घरी वडगावला पोचले, आणि बॅग उघडल्यावर आईचा पहिला प्रश्न, "एवढं लांबनं ह्यो पाट कशाला आणलीस गं?"

रंग कुठला मारायचा यावर घरात जी चर्चा झाली ती फक्त आपल्याकडेच होऊ शकते. मला लाल पाहिजे होता, जुन्या फेंडरवर असायचा तसला. माझं पिकगार्ड जुनं होऊन पिवळं पडलेलं, म्हणजे लालवर पिवळं. बाबांनी पेपर खाली ठेवला आणि म्हणाले, "गिटार करालीस की राज्योत्सवाचा झेंडा?" बरं मग केशरी? तर दाजी म्हणाले केशरी नको, उद्या मोर्चात घेऊन चल म्हणतील. बाहेरच्यांना यातलं काही कळणार नाही, तर कर्नाटकाचा झेंडा लाल-पिवळा आणि आमच्या सीमाभागातल्या मराठी मोर्चांचा भगवा. पण जिथं दुकानाच्या पाटीवर कुठलं अक्षर वर आणि कुठलं खाली यावरून वातावरण तापतं तिथं लाल, पिवळा, भगवा हे नुसते रंग नसतात. लीड्समध्ये लाल गिटार म्हणजे लाल गिटार, बास. शेवटी फिकट निळा ठरला, आणि भाचा जाऊन गाड्यांच्या रंगाच्या दुकानातून स्कूटरच्या टच-अपचे डबे घेऊन आला. चौदा वर्षांचं पोरगं, सायकलवर गेलं आणि पिशवी हँडलला लटकवून आलं. इंग्लंडमध्ये १६ वर्षांखालच्या मुलाला स्प्रे पेंट विकणं गुन्हा आहे, भिंती रंगवत सुटतात म्हणून.

गाडीचा रंग गिटारला कसा काय, असं बाबांना वाटलं. खरं तर फेंडर कंपनीने पहिल्यापासून हेच केलंय. पन्नाशी-साठीच्या दशकात ते ड्यूपाँटचे मोटारींचे रंगच वापरायचे, ड्यूको नावाचा नायट्रोसेल्युलोज लॅकर आणि ल्यूसाइट नावाचा अॅक्रिलिक. फिएस्टा रेड हा फोर्ड थंडरबर्डचा, लेक प्लॅसिड ब्लू कॅडिलॅकचा. कस्टम कलर पाहिजे तर गिऱ्हाइकाकडून पाच टक्के जादा घ्यायचे. त्यामुळे स्कूटरचा निळा म्हणजे परंपरेला धरूनच झालं.

आता मुद्द्याचं. इंटरनेटवर बघाल तर जो तो आधी जुना रंग पूर्ण काढा म्हणतो. माझं मत, काढू नका. आजकालच्या स्वस्त गिटारवर पॉलिएस्टरचा जाडजूड थर असतो, साध्या पेंट रिमूव्हरला तो दाद देत नाही, हीट गनने तापवून पत्र्याने खरवडत बसावं लागतं, त्यात लाकूड जळतं, खड्डे पडतात, आणि एवढं करून हाती काय येतं तर उघडं लाकूड, ज्याची छिद्रं परत सीलर मारून बुजवायची असतात. म्हणजे जे होतं तेच काढून तेच परत भरायचं. त्यापेक्षा तो थर टणक आहे, लाकडाला घट्ट धरून आहे, त्यालाच पाया समजा. ३२० नंबरच्या सँडपेपरने सगळीकडची चमक मारायची, कुठेही आरशासारखं चकाकता कामा नये, कारण नवा रंग पॉलिएस्टरला विरघळून चिकटत नाही, घासलेल्या ओरखड्यांना धरूनच बसतो. जिथं टवके उडालेत तिथं गाडीला लावतात ती लांबी भरायची, वाळली की घासून सपाट. मग प्रायमर, मग ४०० चा वॉटर पेपर. आणि पाणी लावून घासताना स्क्रूच्या भोकांत टूथपिक ठोकून ठेवा, भोकात पाणी गेलं की लाकूड फुगतं आणि भोकाभोवती रंगाला चिरा जातात.

नेक ज्या खाचेत बसते ती खाच मास्किंग टेपने बंद केली. तिथं रंगाचे चार थर बसले तर नेक परत आत जात नाही, आणि जबरदस्तीने घातली तर कोपऱ्यातला रंग तडकतो.

हात स्वच्छ पाहिजेत हे कुणी सांगत नाही. आमच्याकडे आईने पोचल्या पोचल्या डोक्याला खोबरेल चोपडलं होतं, तेच बोट बॉडीला लागलं असतं तर तिथं रंग गोल फाकून डोळे पडले असते. सिलिकॉनवालं कार पॉलिश असेल तर आणखी वाईट. थिनरच्या फडक्याने पुसून घेतलं आणि नंतर फक्त कडेला धरलं.

गच्चीवर गेलो तर दुसरीच अडचण. वडगाव-शहापूरच्या शिवारात बासमती, आणि त्या दिवसांत सुगी. मळणी सुरू झाली की कुसाचा भुसा वाऱ्याबरोबर घराघरात येतो, भात घरी येतंय म्हणून त्याबद्दल कुणी तक्रार करत नाही, पण ओल्या रंगावर तो बसला की संपलं. सकाळी लवकर मारावं तर दव, फरशी ओली, हवेत गारठा. दुपारी वारं उठतं. मधला वेळ तेवढा कामाचा, ऊन वर येऊन दव उडालेलं आणि वारं अजून सुटलेलं नाही असा. आईने तेवढ्यात गच्चीवर सडा मारून दिला, धूळ बसावी म्हणून, आणि तो सुकेपर्यंत आम्ही बॉडीला खाचेच्या जागी एक लाकडी पट्टी ठोकून ती कपड्यांच्या तारेला टांगली. तुळशीजवळची अगरबत्ती विझवायला लावली त्यावरून थोडं बोलणं खाल्लं. पण कॅनमधला ढकलणारा गॅस म्हणजे बहुतेकदा ब्यूटेन-प्रोपेन, स्वैपाकाच्या सिलिंडरमधलाच, त्याला अगरबत्ती पुरते.

दाजींच्या घरात गणपतीचं काम आहे, पिढीजात. श्रावण आला की पत्र्याच्या शेडमध्ये कॉम्प्रेसर लावून रात्र रात्र मूर्तींना गन मारत असतात. गिटार त्यांनी आयुष्यात हातात धरलेली नाही. ते नुसते कठड्याला टेकून चहा पीत बघत होते, मी पहिला हात मारला आणि म्हणाले, "मारालीस बरोबर, खरं लई जवळनं मारालीस. आणि अंगावर बटण दाबू नकोस."

म्हणजे काय ते करून दाखवलं. डबा हातात घेतला, दोन मिनिटं खळखळ हलवला, बॉडीपासून वीतभर अंतर ठेवलं आणि बोट दाबलं ते बॉडीच्या बाहेर, हवेत. मग हात सरळ रेषेत आडवा, मनगट वाकवायचं नाही, अख्खा खांदा सरकवायचा, आणि बॉडी ओलांडून पलीकडे गेल्यावरच बोट सोडायचं. कारण सुरुवातीला आणि शेवटी नोझल थुंकतं, ती थुंकी हवेत गेली पाहिजे. दुसरा पट्टा पहिल्यावर निम्मा चढवायचा. सोंडेच्या वळणावर जसं मारतो तसं हे म्हणत त्यांनी गिटारच्या शिंगाच्या, म्हणजे बॉडीच्या पुढे आलेल्या टोकाच्या, आतल्या बाजूला आधी मारून घेतलं आणि समोरची सपाटी शेवटी. "कडंला रंग ऱ्हात न्हाई, कडंला आधी दे. आणि हात थांबला की ओघळलाच बघ." पहिला थर एवढा पातळ की खालचा प्रायमर दिसत होता, मला वाटलं अजून मारूया, तर डबा काढून घेतला. पंधरा-वीस मिनिटांनी दुसरा, मग तिसरा. त्यांचे रंग वेगळे, मूर्ती वेगळी, पण हात तोच.

भाच्याने नाकाला रुमाल बांधला होता, तो काढायला लावून त्याला खाली पाठवला. रुमालाने फार तर रंगाचे मोठे थेंब अडतील, वाफ अडत नाही, त्याला कार्बनचा फिल्टरवाला मास्क लागतो. आणि दोन भागांचा, हार्डनरवाला टू-के क्लिअर (क्लिअर म्हणजे रंगावर मारायचा पारदर्शक थर) असेल तर त्यात आयसोसायनेट असतं, ते फुप्फुसाला फार वाईट, घरी पोराबाळांत मारू नका. तसलं पाहिजे तर उद्यमबागेकडे गाडीच्या पेंटिंगवाल्याला बॉडी द्या, तो गाडीच्या बॉनेटबरोबर मारून देईल आणि तुमच्या-माझ्यापेक्षा चांगलं मारेल. मी साधा एक भागाचा लॅकर क्लिअर घेतला. कुठलाही क्लिअर घ्या, आधी फळकुटावर तोच प्रायमर, तोच रंग, तोच क्लिअर मारून बघा, इनॅमलवर कडक थिनरवालं लॅकर पडलं तर खालचा रंग सुरकुत्या पडून उठतो.

निपाणीची मैत्रीण फोनवर म्हणाली मे-जूनच्या सुट्टीत ये, आपण दोघी करू. मे ठीक आहे, जूनला नाही म्हटलं. आपल्या पावसात लॅकर मारणं म्हणजे पैसे पाण्यात. थिनर उडताना पृष्ठभाग गार पडतो, हवेतली ओल तिथं धरते आणि रंग दुधट पांढरा होतो. खानापूर-लोंढ्याकडच्यांनी तर दिवाळीशिवाय डब्याला हात लावू नये.

रंग हाताला वाळलेला लागतो तासाभरात, पण आतून कडक व्हायला आठवडे जातात. नखाने दाबून बघण्यापेक्षा नाक लावून बघा, थिनरचा वास येतोय तोवर तो अजून वाळतोय. म्हणून मी सुट्टी सुरू झाल्या झाल्याच सगळं उरकलं आणि बॉडी जिन्याच्या वरच्या खोलीत टांगून ठेवली. येणारा-जाणारा पाहुणा ते काय टांगलंय म्हणून विचारायचा, आई सांगायची पोरीचं ऑफिसचं काम आहे. निघायच्या आधी वॉटर पेपरने ८००, १०००, १५००, २००० असं चढत जाऊन संत्र्याच्या सालीसारखा खरबरीतपणा काढला, कडांना जवळजवळ हात लावलाच नाही कारण तिथंच क्लिअर घासून खालचा रंग उघडा पडतो, आणि मग गाडीचं रबिंग कंपाउंड सुती बनियनच्या तुकड्याने. बबल रॅपमध्ये गुंडाळायचं नाही, ताज्या लॅकरवर फुगे उमटतात. आईची जुनी सुती साडी कामाला आली, वर परत तेच स्वेटर, आणि मध्ये कुंद्याचा डबा.

लीड्सला आल्यावर वायरी जोडल्या. जोडल्यावर घूं आवाज येत असेल आणि तारांना हात लावला की थांबत नसेल तर ती क्लॉची अर्थिंग आधी बघा. आवाजात फरक पडला का असं सगळे विचारतात. नाही. नायट्रोने, म्हणजे त्या नायट्रोसेल्युलोज लॅकरने, लाकूड "श्वास घेतं" वगैरे लोक बोलतात, पण सॉलिड बॉडीच्या गिटारमध्ये तारेखालचं चुंबक आणि त्याची कॉइल आवाज उचलते, त्यांना वरचा रंग निळा की काळा याचं काही देणंघेणं नाही.

भाच्याने आता स्वतःच्या गिटारचा फोटो पाठवलाय, "मावशी ही कधी करूया?" म्हणून. ती अकूस्टिक आहे. त्याला नाही म्हणून सांगितलं. अकूस्टिकमध्ये वरची पातळ फळीच थरथरून आवाज करते, तिच्यावर रंगाचे थर चढवले की ती जड होते आणि आवाज दबतो. तर म्हणतो, "मग फक्त मागच्या बाजूला मारतो की." दाजींना फोन करून सांगितलंय, डबे कुलपात ठेवा.