मैदान कुणाच्या नावावर?

"क्लब घेतीयास ते ठीक हाय, पर मैदान कुणाच्या नावावर हाय ते बघितलंस काय?"

ऑक्टोबर २०१२. मी इंग्लंडमधल्या पोर्ट्समथहून कोल्हापूरला फोन लावला होता आणि आण्णांना सांगत होते, की आम्ही चौघं मिळून इथल्या फुटबॉल क्लबाचा एक शेअर घेतोय. आण्णा निवृत्त तलाठी, हयात सातबारे लिहिण्यात गेलेली. क्लब कुठल्या लीगमध्ये आहे, खेळाडू कोण आहेत, काही विचारलं नाही त्यांनी. थेट जमिनीवर आले. सगळं भांडण तिथंच अडलेलं आहे, हे मला पुढच्या सहा महिन्यांत कळलं.

आम्ही इथं आलो २००५ साली. मी नर्स. घर मिळालं ते मिल्टन भागात, क्लबाच्या मैदानापासून, फ्रॅटन पार्कपासून, चालत दहा मिनिटांवर. शनिवारी गोल झाला की रेडिओच्या आधी आमच्या परसात कळायचं. १८९९ पासूनचं हे मैदान. फ्रॉगमोर रोडच्या अरुंद गल्लीच्या टोकाला काळ्या-पांढऱ्या लाकडी पट्ट्यांची जुनी दर्शनी इमारत आणि चहूबाजूंनी घरं. मी शिवाजी पेठेतली. शाहू स्टेडियमवर शिवाजी तरुण मंडळ आणि पाटाकडील तालमीची मॅच असली, की आण्णा मला खांद्यावर घेऊन जायचे. त्यामुळे मैदान घरांना इतकं चिकटून असलेलं पाहिलं आणि परक्या गावात पहिल्यांदा जीव रमला. २००८ मध्ये पॉम्पीनं, म्हणजे आमच्या पोर्ट्समथ क्लबानं, एफए कप हा इंग्लंडमधला मानाचा चषक जिंकला, तेव्हा माझा मुलगा सहा वर्षांचा होता. साउथसी कॉमनच्या मोकळ्या माळावर लोटलेल्या त्या गर्दीत तो माझ्या खांद्यावर होता.

त्यानंतर दोन वर्षांच्या आत सगळं कोसळलं. २००९-१० च्या एकाच हंगामात क्लबानं चार मालक पाहिले. खेळाडूंचे पगार थकले, करखात्यानं क्लब गुंडाळण्याचा अर्ज कोर्टात टाकला आणि २६ फेब्रुवारी २०१० ला पोर्ट्समथ ॲडमिनिस्ट्रेशनमध्ये गेला. प्रीमियर लीगमधल्या, म्हणजे सगळ्यात वरच्या पायरीवरच्या क्लबावर ही वेळ पहिल्यांदाच आली होती. ॲडमिनिस्ट्रेशन म्हणजे मालकाच्या हातून कारभार काढून दिवाळखोरीचं काम जाणणाऱ्या प्रशासकाच्या हाती देणं. तो देणेकऱ्यांना, म्हणजे ज्यांचे पैसे क्लबाकडे अडकलेत त्यांना, थोपवून धरतो, क्लब चालू ठेवतो आणि गिऱ्हाईक शोधतो. नऊ गुण कापले गेले, संघ खालच्या लीगमध्ये गेला. कर्ज निघालं १२ कोटी पाउंडांच्या आसपास.

देणेकऱ्यांची यादी जाहीर झाली, ती मी रात्रपाळीच्या मधल्या सुट्टीत वाचली. मोठे आकडे डोळ्यांवरून नुसते सरकत गेले. थांबले ते सेंट जॉन ॲम्ब्युलन्सच्या नावापाशी. मॅचच्या दिवशी मैदानात प्रथमोपचाराला उभी राहणारी ही स्वयंसेवी माणसं. त्यांचे सुमारे २,७०० पाउंड थकले होते. फुटबॉलमध्ये एक नियम आहे : क्लब बुडाला तरी खेळाडूंचे पगार आणि दुसऱ्या क्लबांची देणी पूर्ण भागवावी लागतात, नाहीतर लीगमधली जागा जाते. बाकीच्यांना, म्हणजे करखातं, छपाईवाले, प्रथमोपचारवाले यांना उरलंसुरलं. त्या वेळचा तोडगा ठरला पाउंडामागे २० पेन्सचा, तोही हप्त्याहप्त्यानं. करखातं त्याविरुद्ध हायकोर्टात गेलं आणि हरलं. हा नियम कायदेशीर असेल, पण मला तो तेव्हाही पटला नाही आणि आजही पटत नाही. ज्या मैदानात कुणाला चक्कर आली तर पहिल्यांदा धावतात, तीच माणसं पैशाच्या रांगेत शेवटी.

नवे मालक आले. त्यांची कंपनीही नोव्हेंबर २०११ मध्ये बुडाली आणि १७ फेब्रुवारी २०१२ ला क्लब दोन वर्षांत दुसऱ्यांदा ॲडमिनिस्ट्रेशनमध्ये गेला. आणखी दहा गुण गेले, आणखी एक लीग खाली. त्या उन्हाळ्यात पगार परवडेनात म्हणून झाडून सगळे व्यावसायिक खेळाडू क्लब सोडून गेले. हंगामाच्या पहिल्या सामन्याला पोरंसोरं उतरवावी लागली. मुलगा तेव्हा दहा वर्षांचा. त्यानं विचारलं, "आई, क्लब मरतो म्हणजे काय होतं?" मला उत्तर देता आलं नाही.

शेजारी गोदीत हयात घालवलेले एक काका राहायचे. पॉम्पी १९४९ आणि १९५० ला लागोपाठ लीग जिंकली, ते त्यांनी पोरवयात पाहिलेलं. त्यांनीच पॉम्पी सपोर्टर्स ट्रस्टचा, म्हणजे चाहत्यांच्या संस्थेचा कागद आणून दिला. योजना अशी होती : चाहत्यांनी हजार पाउंडाला एक शेअर घ्यायचा, काही सधन चाहते मोठ्या रकमा घालणार, आणि सगळ्यांचं मिळून क्लब विकत घ्यायचा. हजार पाउंड एकट्यानं घालणं आम्हाला शक्य नव्हतं. पण चार-पाच जणांनी मिळूनही एक शेअर घेता येत होता. काका, मी, माझ्या वॉर्डातली केरळची मैत्रीण आणि तिचा नवरा. प्रत्येकी अडीचशे. आधी वचननाम्यावर सही आणि थोडी अनामत, बाकीची रक्कम मागून.

सही करण्यापूर्वी मी ते सगळे कागद वाचले. रुग्णाच्या संमतिपत्रावर सही घेताना आम्ही जसं एकेक कलम समजावून सांगतो, तसं मी या तिघांना स्वयंपाकघरात बसवून समजावलं. हे पैसे बुडू शकतात. नफा मिळेल ही अपेक्षा धरू नये. शेअर बाजारात विकता येणार नाही. चौघांचं मिळून मत एकच. काका म्हणाले, की आजवर तिकिटापायी किती घातले त्याचा हिशेब नाही, त्याचं मत कुणी कधी दिलं? मैत्रिणीच्या नवऱ्यानं मात्र एक शहाणा प्रश्न विचारला : आपण क्लब घेतला आणि मैदान दुसऱ्याकडेच राहिलं तर? त्याच रात्री आण्णांनीही फोनवर तेच विचारलं.

मैदानावर बोजा होता. आण्णांना हा शब्द पुरे झाला. आधीच्या एका मालकाच्या कंपनीनं क्लबाला कर्ज दिलं होतं आणि त्यापोटी फ्रॅटन पार्क तारण घेतलं होतं. तो बोजा उतरल्याशिवाय मैदान विकता येत नव्हतं, आणि मैदानाशिवाय क्लब म्हणजे निळे सदरे आणि एक नाव. भाड्यानं खेळायचं म्हटलं तर भाडं कोण ठरवणार? कॉव्हेंट्री सिटीचं उदाहरण डोळ्यांसमोर घडत होतं. मैदान दुसऱ्याचं, वर्षाला सुमारे १३ लाख पाउंड भाडं, क्लबानं ते देणं थांबवलेलं. २०१३ मध्ये तर तो क्लब आपलं शहर सोडून नॉर्थॅम्प्टनला जाऊन घरचे सामने खेळला. काका म्हणायचे, पॉम्पी या बेटाबाहेर जाऊन खेळली तर मी नाही जाणार. पोर्ट्समथ शहर पोर्टसी बेटावर आहे, आणि काकांच्या पिढीला बेटाबाहेरचं सगळं परगाव.

वाद होता किमतीचा. ज्याच्याकडे तारण, तो साहजिकच जास्त मागणार. ट्रस्टचं म्हणणं, की जुन्या स्टँडांचं, दुरुस्तीला आलेलं आणि घरांनी वेढलेलं हे मैदान फुटबॉलखेरीज कुणाच्या कामाचं नाही. कायद्यात एक वाट होती : तारणदार राजी नसेल, तर प्रशासक कोर्टाकडे विक्रीची परवानगी मागू शकतो, मात्र जागेची रास्त बाजारकिंमत तारणदाराला मिळाली पाहिजे. म्हणजे कोर्टापुढे प्रश्न एवढाच, की फ्रॅटन पार्कची रास्त किंमत काय. आम्ही मात्र तो हिवाळाभर श्वास धरून काढला. दरम्यान पोर्ट्समथ सिटी कौन्सिलनं ट्रस्टला १४ लाख ५० हजार पाउंडांचं कर्ज द्यायचं ठरवलं. त्यावरून गावात बरंच वादंग झालं. रस्त्यांना पैसे नाहीत आणि फुटबॉलला आहेत, असं माझ्या रुग्णांपैकी काहीजण मला ऐकवायचे. त्यांचं अगदी चूक होतं असं मला म्हणवत नाही.

तारखा पुढे जात राहिल्या. दुसरे गिऱ्हाईक पुढे आले, मागे पडले. बाकीची रक्कम भरायची वेळ आली, तेव्हा मैत्रीण एकदा डगमगली. तिच्या घरी कोची-एर्नाकुलमला आईचं ऑपरेशन होतं. आम्ही तिघांनी मिळून तिचा वाटा तात्पुरता भरला. तिनं तो जूनमध्ये परत केला, एक पेनीही कमी नाही.

१० एप्रिल २०१३, बुधवार. हायकोर्टात सुनावणी होती. मी ड्यूटीवर होते, फोन लॉकरमध्ये. दुपारी एका वृद्ध रुग्णाच्या हाताला सलाइन लावत होते, तेवढ्यात त्यांच्या मुलानं दारातून आत येत बापाला सांगितलं, "झालं. आपला झाला." कोर्टातच तडजोड झाली होती. मैदानापोटी तारणदाराला सुमारे ३० लाख पाउंड, आणि बोजा उतरणार. त्या आजोबांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि माझ्याही. सलाइन मात्र मी नीट लावली. संध्याकाळी आण्णांना फोन केला. ते इतकंच म्हणाले, "फेरफार झाल्याशिवाय खरं धरू नको." व्यवहार पुरा झाला १९ एप्रिलला, तेव्हा त्यांनी अभिनंदन केलं.

दुसऱ्या दिवशी शेफिल्ड युनायटेडशी घरचा सामना होता. ॲडमिनिस्ट्रेशनमधून बाहेर पडताना पुन्हा दहा गुण कापले गेले होते. आम्ही लीग टूमध्ये जाणार हे पक्कं झालं होतं, म्हणजे चौथ्या पायरीवर. पाच वर्षांपूर्वी कप जिंकलेला संघ. आणि तरीही फ्रॅटन पार्क तुडुंब. 'प्ले अप पॉम्पी'चा तो गजर सामना संपल्यावरही थांबेना. ३-० नं जिंकलो. काका पहिल्या अर्ध्या तासात एक शब्द बोलले नाहीत, नुसते छताकडे, खांबांकडे, गवताकडे पाहत होते. नवीन घरात पहिल्या दिवशी माणूस भिंती बघत फिरतो तसे.

दोन हजारांहून जास्त लोकांनी शेअर घेतले होते, २० लाख पाउंडांहून जास्त जमले होते. पुढच्या हंगामाची तिकिटं दहा हजारांहून जास्त खपली, तीही चौथ्या पायरीवरच्या संघासाठी. उन्हाळ्यात लोक रंगाचे डबे घेऊन मैदानात येत. मी दोन रविवार रेलिंग घासले. सप्टेंबर २०१४ पर्यंत जुनी सगळी देणी फिटली. मालक होणं म्हणजे सभांना बसणं, ताळेबंद वाचणं, आणि नवा खेळाडू घ्यायचा की गळकं छप्पर आधी, यावर घरात वाद घालणं. मला ते फार आवडलं. आण्णा मला दर हंगामाला विचारायचे, "यंदा शिल्लक किती?" २०१५ च्या पावसाळ्यात ते गेले.

मग आली मे २०१७. सहा तारखेला आम्ही लीग टू जिंकली, हंगामातल्या शेवटच्या ३२ मिनिटांपुरते पहिल्या नंबरवर येऊन. आणि त्याच महिन्यात मतदान होतं : क्लब मायकल आयझनर यांच्या कंपनीला विकायचा का? डिस्नेचे माजी प्रमुख. ५६ लाख ७० हजार पाउंड किंमत, वर क्लबात एक कोटीची गुंतवणूक करण्याचं वचन. गिल्डहॉलमध्ये त्यांनी लोकांपुढे येऊन प्रश्नांना उत्तरं दिली. खरी अडचण मैदानाचीच होती. साउथ स्टँड १९२५ चा, आर्चिबाल्ड लीच यांच्या आराखड्याचा. सुरक्षेच्या दुरुस्त्यांचा खर्च ट्रस्टच्या आवाक्याबाहेर चालला होता. आपण मैदान सोडवून आणलं, पण ते उभं ठेवण्याइतकी ताकद आपल्यात होती का, हा प्रश्न मला रात्री झोपू देत नव्हता.

आम्ही चौघं पुन्हा त्याच टेबलाभोवती बसलो. मैत्रीण आणि तिचा नवरा विकण्याच्या बाजूचे. मी मन घट्ट करून त्यांच्याच बाजूला आले होते, कारण मी तो स्टँड जवळून घासला होता, त्याचा गंज माझ्या हाताला लागला होता. काका विरुद्ध. चांगलं बोलणारे मालक त्यांनी याआधीही पाहिले होते. नियमाप्रमाणे तिघांचं एक मत झालं असतं आणि फॉर्म भरता आला असता. पण त्यांना डावलून ते मत टाकायला कुणाचाच हात पुढे होईना. दोन तास गेले. चहा दोनदा झाला. मुलगा, आता पंधरा वर्षांचा, जिन्यावर बसून ऐकत होता.

शेवटी काका म्हणाले, "मैदानाचं काय लिहिलंय ते पुन्हा वाच."

मी वाचलं. क्लब आणि फ्रॅटन पार्क एकत्र जाणार, मैदान क्लबापासून वेगळं काढलेलं नाही. नाव, रंग, बोधचिन्ह यांची राखण करायला चाहत्यांचा सहभाग असलेलं मंडळ. काकांनी चष्मा काढून पुसला, कागद माझ्या हातातून घेतला आणि ते कलम बोटानं ओळ धरून स्वतः वाचलं. मग लॅपटॉप माझ्याकडे सरकवला. मी 'होय'वर खूण केली. निकाल लागला तेव्हा सुमारे ८० टक्के मतं तशीच पडली होती.